गिल्टी नव्हे, अवधाण

देवासला आमच्या शाळेच्या बागेत एक म्हातारे माळी होते. कुणाला नमस्कार करण्याआधी ते हाताशी असलेलं पान उलटून पाहत. फुलाकडे त्यांचं लक्षच नसे. मी हौसेनं गुलाबांना गोणीतलं पांढरं खत ओंजळी भरभरून घातलं आणि कोवळ्या फुटीवर मावा चढला. तेव्हा तंबाखूचं पाणी शिंपडत ते म्हणाले, "मास्तर, ज्यादा खिलाया आपने. रोप माजलं की किडीची पंगत बसतेच."

पुढे एकदा मला ताप आला आणि काखेत गाठ उठली. घरची माणसं प्लेग पाहिलेली. "गिल्टी" म्हणून रडारड सुरू झाली.

माळीबुवा आले. काख त्यांनी पाहिलीच नाही. माझा हात घेऊन पानासारखा उलटला. अंगठ्यात गुलाबाचा काटा मोडून पिकला होता.

"गिल्टी नाय, मास्तर भिया, अवधाण आहे, जखमेपायी सुजलेली गाठ. हा पहारेकरी ओरडतोय. चोर इथं बसलाय."

तेच मला दवाखान्यात घेऊन गेले. काटा निघाला, चार दिवसांत गाठ जिरली.

आभार मानायला मी बागेत गेलो, हात जोडले. त्यांनी नमस्कार घेतला नाही. आधी जोडलेले हात सोडवून अंगठा उलटून पाहिला.