शनिवारची सुरी

आईची सुरी मोडली तो शनिवार होता.

जुनी लोखंडी सुरी. घासून घासून पातं निम्म्यावर आलेलं, मूठ आधीच सैल होती ती निखळली. आईची बोटं संधिवातानं वाकलीत, जोर लावता येत नाही. पण ती सुरी जोर मागतच नसे. कपाच्या बुडावर घासली की कांद्यात आपोआप उतरायची. पोळ्या, भांडी, झाडलोट असं एकेक काम आम्ही आईच्या हातून काढून घेतलं होतं. भाजी चिरणं तेवढं उरलं होतं. सकाळी ओट्याशेजारी खुर्ची ओढून ती बसायची आणि तेवढा वेळ घर तिचं असायचं. सुनेला मीठ सांगायची, मला पेपर वाचता वाचता टोकायची, "नुसतं वाचू नको, लसूण सोल."

मी बाजाराला निघालो, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, आज शनिवार. लोखंड आणू नका घरात. स्टीलची आणा. वांगीही काळी पडणार नाहीत."

शनिवारी लोखंड विकत घेत नाहीत, हे आमच्याकडे सगळेच पाळतात. स्टीलला मात्र ही बंदी नाही. डबे, पेले, चमचे शनिवारी बेलाशक येतात. मी शाळेत विज्ञान शिकवतो. स्टेनलेस स्टील म्हणजे क्रोमियम मिसळलेलं लोखंडच, हे दरवर्षी फळ्यावर लिहितो. मला हे मानायचं नव्हतं तर लोखंडी घ्यायची होती. मानायचं होतं तर रविवारपर्यंत थांबायचं होतं. मी दोन्ही केलं नाही.

शहागंजच्या दुकानदारानं दोन्ही सुऱ्या पुढ्यात टाकल्या. "ये काली पे धार अच्छी चढती साब, पर रोज पोंछना पडता. नै तो जंग खाती. स्टीलवाली कू भूल भी गए तो चलता."

विसरलं तरी चालतं, हे मला पटलं. आणली.

महिनाभरात ती बोथट झाली. कपावर कितीही घासा, धार येईना. आई दाबून चिरायला लागली. मला ते दिसत होतं. एका सकाळी टोमॅटोच्या सालीवरून पातं घसरलं आणि डाव्या अंगठ्यात गेलं. टाके पडले. बायको घाबरून म्हणाली, "आई, उद्यापासून तुम्ही बसा. मी चिरते." मीही मान हलवली.

आई बाहेरच्या खोलीत बसायला लागली. टीव्ही न लावता, त्याच्यासमोर.

ते बघून एक दिवस माझं डोकं फिरलं. शाळेतून थेट दुकानात गेलो आणि लोखंडी सुरी आणून ओट्यावर आपटली.

"पुसणार कोण ती?" बायको म्हणाली. "भांडीवाली सिंकमध्ये टाकून जाते."

"मी पुसेन!"

"तुम्ही? स्वतःचा चहाचा कप उचलत नाही तुम्ही."

हे खरं होतं, म्हणून मी आणखी ओरडलो. शनिवार तू काढलास, अंगठा तुझ्यामुळं कापला, असलं वाटेल ते बोललो. तिनं फक्त सांगितलं होतं. सगळं कळत असून स्टीलची घेतली होती मी.

आई दारात येऊन उभी होती.

"भांडू नका. माझ्यापायी तर नकोच." तिनं सुरी उचलली, पात्यावरून बोट फिरवलं. "धार लई चांगली हाय, बाबा. पण ठिवून दे. आता सुरी धरली की हात थरथरतो माझा."

"आई, सवय होईल पुन्हा."

"नाय व्हायची." मग सुरी परत ओट्यावर ठेवून म्हणाली, "गवार आणत जा. गवारीला सुरी लागत नाय."

तेव्हापासून मुकुंदवाडीच्या बाजारातून मी गवार आणतो, मेथी आणतो, हातानं मोडता येईल ते आणतो. आई पुन्हा ओट्याशी बसते, शेंगा मोडते. बोलते मात्र कमी. परवा भाजीवालीनं हाक मारली, "सर, भेंडी बघा किती कवळी हाय!" भेंडी आईच्या फार आवडीची. पण भेंडी आणली की तिला बाहेरच्या खोलीत बसावं लागतं. "नको म्हटलं ना!" मी त्या बिचारीवर खेकसलो आणि गवारीच्या ढिगाकडं वळलो.