काकीच्या लापशीला गुण्या लागला त्याची गोष्ट

तुम्ही कधी लापशीच्या कडेला गुण्या लावून काटकोन तपासलाय? नाही ना? मग आमच्या काकीला हसायच्या आधी हे पूर्ण वाचा.

काकी आमच्या फरश्यांच्या कारखान्यातल्या कँटीनची स्वयंपाकीण. सकाळच्या पाळीला दोनशे माणसांना गरम लापशी घालायची, हे तिचं एकोणीस वर्षांचं काम. जव, गहू आणि ओट सालासकट भरडून आणते, आधी कोरडेच खमंग भाजते आणि मगच पाणी घालते. न भाजता शिजवली तर तिच्या मते ती लापशी नसते, भिंतीला लावायची खळ असते.

मार्चमध्ये मॅनेजरसाहेबांनी नोटीस लावली. लापशी वाया जाते म्हणे. पुढच्या सोमवारपासून पंधरवडाभर मोजणी, टाकाऊ लापशी पन्नास किलोंच्या वर गेली तर कँटीन बंद, माणशी एक बिस्किटपुडा. कँटीन बंद म्हणजे काकी घरी. मी तिला म्हटलं, "काकी, उद्यापासून गेटवर बसू. हलायचं नाही."

"तू बस," ती म्हणाली. "मला पातेलं ढवळायचंय."

आणि तिनं खरंच डोकं चालवलं. पहिल्या दिवशी ताक आणि जिरं घालून आंबट केली. दुसऱ्या दिवशी खजूर आणि संत्र्याची किसलेली साल. तिसऱ्या दिवशी वरून तिळाची चुरचुरीत फोडणी, खाली वाफाळती लापशी. लोक बोटं चाटत होते, तरी वाट्या अर्ध्या भरलेल्याच परत येत होत्या. चौथ्या दिवशी ती हातात घड्याळ घेऊन दारात उभी राहिली. नाश्त्याची सुट्टी अकरा मिनिटं. चार रांगेत, पाच फुंकर मारण्यात. उरली दोन. दोन मिनिटांत उकळती लापशी कोण गिळणार? चव बिचारी निर्दोष होती, चोर घड्याळ होतं. हे एकोणीस वर्षांत एकाही साहेबाला दिसलं नाही, बरं का. साहेबांची कॉफी टेबलावर निवत बसते ना!

मग काकीनं गोदामातून फरशीचे जुने साचे आणले, घासूनपुसून तूप लावलं, त्यात घट्ट लापशी ओतली, गोठल्यावर काढली आणि भट्टीच्या बाहेरच्या गरम पत्र्यावर दोन्ही बाजूंनी शेकली. वरून कुरकुरीत, आत मऊ. चमचा नको, वाटी नको, रांग नको. हातात घ्या आणि मशीनकडे चालू लागा.

पण फरश्या बनवणाऱ्यांच्या हातात चौकोन दिला की ती माणसं काय करतात? कानाशी नेऊन टिचकी मारतात. आवाज खणखणीत आला तर चांगली, बद्द आला तर आत तडा. दोनशे माणसं लापशीला टिचक्या मारत उभी! पॉलिशवाला तर तूप लावून कापडानं घासत बसला.

तेवढ्यात आला मोजपट्टी. हा आमचा तपासनीस. गुण्या खिशात ठेवूनच जेवायला बसतो. त्यानं लापशी मोजली, कपाळाला आठ्या घातल्या आणि चाळीस नग बाजूला काढले. "कडा वाकड्या. नापास."

"अहो, पोटात गेल्यावर सरळ होतील!" काकी म्हणाली.

"साच्यातून निघाली की माल. माल वाकडा की टाकाऊ. मी खोटी सही करत नाही."

रोज चाळीस नग, चार दिवसांत टाकाऊच्या वहीत अठ्ठेचाळीस किलो चढले. खाणाऱ्यांनी कणही टाकलेला नव्हता! माझं डोकं फिरलं, मी त्याच्या कॉलरला हात घालणार होतो. काकीनं मला कोपरानं मागे सारलं.

"भाऊ, तुमच्या मोरीत कुठली फरशी लावलीय?"

"दुसऱ्या प्रतीची," मोजपट्टी म्हणाला. "कडा जरा वाकड्या असल्या की कामगारांना मिळते ती."

"मग माझ्या लापशीला दुसरी प्रत का नाही?"

मोजपट्टीनं वही उघडली, सगळं टाकाऊ खोडलं, 'दुसरी प्रत' लिहिलं आणि सगळे वाकडे नग कामगारांच्या डब्यांतून घरी गेले. पंधरवडा संपला, टाकाऊ शून्य. आम्ही नाचलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांची नवी नोटीस. ज्या अर्थी वहीत माल आहे, प्रत आहे, त्या अर्थी हे उत्पादन आहे. सबब कँटीन बंद, विभाग सात सुरू, आणि नव्या उत्पादनाला पाण्याची चाचणी सक्तीची. फरशी बादलीत बुडवायची, तिनं अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी प्यायचं नाही. काकीच्या लापशीनं बादलीच आटवली आणि स्वतः उशीएवढी फुगली. शेरा पडला, 'विभाग सात बंद करावा.'

"साहेब, लापशी आहे ती! पाणी पिणारच!" काकी आयुष्यात पहिल्यांदा ओरडली.

"खाद्यपदार्थ असल्याचा पुरावा द्या," साहेब म्हणाले. "कामगारांची साक्ष चालणार नाही, त्यांचा स्वार्थ आहे."

सोमवारी सकाळी साडेनऊला कारखान्याच्या सभागृहात सुनावणी आहे. कुणीही बाहेरचा माणूस साक्ष देऊ शकतो, नियमपुस्तक मी दोनदा वाचलंय. काकी पहिल्या प्रतीचे शंभर नग शेकून आणणार आहे. घोषणा आणि कागद माझ्याकडे आहेत, ते नकोत. तुम्ही फक्त उपाशी या, आणि साहेबांच्या डोळ्यांत बघत एक फरशी संपवा.