उजव्या हाताची जागा

बातमी आली तेव्हा मी चाकणला कंपनीत होते, जेवणाची सुट्टी चालू होती. गडबडीत फोन डाव्या कानाला लावला... त्या कानानं मला लहानपणापासून ऐकू येत नाही. कान बदलला तेव्हा भाचीचं रडणं ऐकू आलं. "मावशी, आई गेली." तिची आई म्हणजे माझी थोरली बहीण, मार्थाताई.

दफनविधीला काळेवाडीचं आमचं चर्च भरून गेलं होतं. नवे पाळकसाहेब म्हणाले, "मार्थाबाई आयुष्यात कधी खोटं बोलल्या नाहीत." सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मी सख्खी बहीण असून तिथंही जळत होते. हे मला नवीन नाही. आईच्या शेवटच्या दुखण्यात मी रोज तिला म्हणायचे, "बरी होशील गं." ती माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. "मार्थाला बोलवा," म्हणायची. ताईनं काय ते खरं सांगितलं, आणि आई तिचाच हात धरून शांत झोपली. माझ्या हाताला काय काटे होते? माझा नवरासुद्धा पुनावळ्यात फ्लॅट बघायला निघाला, तर म्हणे आधी ताईंना दाखवू. असं माणूस घरात असलं की बाकीच्यांचं बोलणं आपोआप स्वस्त होतं.

पण पाळकसाहेबांना एक गोष्ट माहीत नाही. मला पहिलं स्थळ आलं ते याच चर्चमधलं. मुलगा देखणा, भोसरीत नोकरीला. मी ताईच्या हातापाया पडले, "कानाचं सांगू नकोस." मुलाच्या आईनं नेमकं तिलाच गाठलं. "पोरीत काही कमी-जास्त न्हाई ना, मार्था? तू सांगशील ते खरं." ताई म्हणाली, "न्हाई."

पुढच्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला घेतात ते. मनात खोट ठेवून प्याला घ्यायचा नाही, हे आम्हाला लहानपणीच शिकवलेलं. पण त्यासाठी थांबतं कोण? ताई थांबली. तबक समोर आलं, तिनं हात जोडले आणि ते तसंच पुढं जाऊ दिलं. मागच्या बाकावरून मुलाची आई बघत होती. बाहेर चपला घालताना तिनं विचारलं, आणि ताईनं सगळं सांगितलं.

"कानाचं चाललं असतं गं," ती बाई म्हणाली, "पण तुझ्या शब्दाचं आता काय करू?"

लग्न मोडलं. रिक्षात मी ताईवर ओरडले, "माझ्यासाठी एवढंही झाकता आलं नाही?"

"तुझ्यासाठीच तर बोलले गं खोटं..." ती रडत म्हणाली, "पण पचलं न्हाई."

पुढं माझा नवरा मला पाहायला आला, तर चहा यायच्या आधीच ताईनं कानाचं सांगून टाकलं. तो उठला आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन बसला. त्याचंही श्रेय सगळे तिलाच देतात.

देऊ देत. तिचा खरेपणा सगळ्यांनी खुशाल वाटून घ्यावा. ती एकदाच खोटं बोलली, ते माझ्यासाठी. ते मी कुणाला देणार नाही.

चर्चमध्ये ती कायम माझ्या उजव्या हाताला बसायची, गीताचा नंबर पुन्हा माझ्या कानात सांगायची. परवाच्या प्रभुभोजनाला मी पर्स ठेवून ती जागा अडवली. तबक आलं. मी हात जोडले आणि ते पुढं जाऊ दिलं. पाळकसाहेबांच्या बायकोनं नंतर काळजीनं विचारलं, "बरं वाटत नाही का?" डोकं दुखतंय म्हणणं किती सोपं होतं...

"बरी आहे," मी म्हटलं. "पण ताईचा अजून हेवा वाटतो."