माझ्या मूत्रमार्गाचा फोटो

लघवीच्या मार्गाचा सीटी स्कॅन हा जगातला सर्वांत सोपा स्कॅन आहे. त्यात माणसाला काहीच करायचं नसतं, आणि नेमकं तेवढंच मला जमलं नाही.

झालं असं, की एका सकाळी माझ्या लघवीचा रंग लालसर दिसला. मी संस्कृत पाठशाळेतला निवृत्त मास्तर. निदान करायला मला कितीसा वेळ लागणार? "काल बीट खाल्लं, त्याचं आहे," मी बायकोला म्हणालो.

"बीट केलंच नव्हतं," मालती म्हणाली.

मग डॉक्टर. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "पथरी हो सकती है. कुछ और भी हो सकता है. सीटी करा लीजिए."

मुतखडा परवडला, पण ते 'कुछ और' बॅटरीच्या टोटो रिक्षात आमच्या शेजारी बसून थेट अहिल्याबाई घाटाजवळच्या आमच्या गल्लीपर्यंत आलं. मालतीचं जेवणात लक्ष लागेना. "अहो, काही वाईट निघालं तर?" "काही निघत नाही. मी आहे ना." (मी होतो म्हणूनच तर स्कॅन होता, पण ते तेव्हा सुचलं नाही.) घाबरलेल्याला आधी माहिती द्यावी, हा माझा शिक्षकी बाणा. म्हणून मी मोबाइलवर स्कॅनचे मिळतील तेवढे व्हिडिओ पाहून टाकले आणि तिला जेवताना समजावून सांगितले. तिची उरलीसुरली भूकही गेली.

स्कॅनच्या दिवशी उपाशीपोटी सेंटरवर गेलो. तिथे पाण्याच्या बाटल्या हातात दिल्या आणि पिऊन लघवी रोखून धरायला सांगितलं. हॉलमध्ये माझ्यासारखीच मंडळी मांड्या आवळून बसली होती. जागेवरून न उठणारा असा वर्ग मला अख्ख्या नोकरीत मिळाला नव्हता. मी सुरू झालो.

"देखिए, नस में एक दवा जाती है. उससे किडनी से लेकर नीचे तक पूरा रास्ता फोटो में चमकता है. मुँह में लोहे का स्वाद आएगा. फिर नीचे एकदम गरम लगेगा. लगेगा कि पेशाब हो गया."

"हो जाता है का?" खांद्यावर गमछा घेतलेल्या एका गृहस्थांनी विचारलं.

"होता नहीं है. सिर्फ लगता है. बस, हिलना नहीं है."

"अहो, चुप बसा ना जरा," मालती कुजबुजली. "तुमचं स्वतःचं अजून व्हायचंय."

"मला सगळं पाठ आहे."

माझं नाव पुकारलं. आत जाऊन अंगठी आणि गळ्यातली साखळी काढून ठेवली. जानवं सुती, ते राहू दिलं. मला टेबलावर उताणं झोपवलं, हात डोक्यावर घ्यायला लावले. उजव्या हातात सुई, सुईला नळी, नळीला औषधाचा पंप. काचेपलीकडून एक बाई माइकवर म्हणाल्या, "साँस रोकिए. हिलिएगा मत."

औषध आलं. तोंडात लोखंड, घशात ऊब. मग ती ऊब मी वर्गात सांगितल्याबरहुकूम खाली उतरली. नुसतं वाटतंय, हे मला ठाऊक होतं. पण मुंज झाल्यापासून माझ्या हाताला एकच वळण आहे: लघवी म्हटली की आधी जानवं उजव्या कानावर. व्हिडिओ मी डोक्याने पाहिले होते, हाताने नाही! हात खाली आला, जानवं धरून कानाकडे निघाला, नळी सुईपासून निसटली आणि पंपाने उरलेलं सगळं औषध माझ्या लेंग्यावर सोडलं. कोमट, पाण्यासारखं आणि अगदी नको तिथे.

"बाबूजी! हिलने को मना किया था ना?"

"मैं नहीं हिला," मी म्हणालो. "हाथ हिला."

फोटो वाया गेला. बाहेर थांबा, आणखी पाणी प्या, पुन्हा घेऊ, असं ठरलं. मी ओल्या लेंग्याने हॉलमध्ये आलो. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता, पण चेहऱ्याकडे नव्हे.

"गुरुजी," गमछावाले शांतपणे म्हणाले, "आप तो कहे थे, सिर्फ लगता है."

"ये दवा है."

"हाँ हाँ, दवा है," ते पिशवी उचलत म्हणाले. "हम बुधवार को आएँगे." त्यांच्या मागोमाग आणखी दोघं उठले. एका म्हाताऱ्या बाईंनी स्वतःची शाल मला गुंडाळायला दिली.

मालती रागावेल असं वाटलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग आधीच कानावर घालून झोपा की. हाताला कामच उरणार नाही."

दुसऱ्या वेळी मी जानव्याचे कानाला दोन वेढे घालूनच आत गेलो. काचेपलीकडच्या बाईंनी माझ्या कानाकडे दोनदा निरखून पाहिलं आणि बटण दाबलं. ऊब आली, उतरली, हात जागचा हलला नाही. बाहेर येऊन मी उरलेल्या वर्गाला म्हणालो, "देखा? सूखा है." कुणी मान वर केली नाही.

रिपोर्ट घेऊन डॉक्टरांसमोर बसलो, तेव्हा मी मालतीचा हात हातात घेतला. बिचारी घाबरली असणार. अशा वेळी नवऱ्याने धीर द्यायचा असतो. डॉक्टर फोटो उजेडाला धरून बघत राहिले. उलटा केला, पुन्हा बघितला. शेवटी मालतीकडे वळून म्हणाले, "माताजी, छोटी सी पथरी है. और कुछ नहीं. पानी पीने से निकल जाएगी. अब घबराइए मत."

"मैं तो ठीक हूँ, डॉक्टर साहब," मालती म्हणाली. "आप यही बात एक बार इनकी तरफ देखकर बोल दीजिए, तो मेरा हाथ छूटे. चूड़ियाँ चुभ रही हैं."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघून पुन्हा सांगितलं. मी त्यांना आणखी एकदा सांगायला लावलं, आणि मगच तिचा हात सोडला.