कोपराखालची दोन बोटं

आज जुन्या जॅकेटच्या खिशात पूल खेळताना स्टिकच्या टोकाला लावायच्या खडूचा तुकडा सापडला, बोटांना निळी भुकटी लागली आणि वाशीमच्या बसस्टँडमागचा आमचा एका टेबलाचा हॉल आठवला. तो बाबा चालवायचे. मी स्टिक मारताना ते मागे उभे राहून माझ्या कोपराखाली दोन बोटं धरायचे, हात हलू नये म्हणून. जिल्ह्याच्या स्पर्धेआधी मी स्टिकला लावायचा सेन्सर मागवला. फटका वाकडा गेला की तो वाजायचा आणि मोबाईलवर लाल रेघ उमटायची. पहिल्याच फटक्याला तो वाजला. "बाबा, हात काढा ना, तुमच्यानं मशीन चुकून राह्यली," मी गिऱ्हाइकांसमोर खेकसलो. त्यांनी बोटं काढली, शर्टाला पुसली. "बरं बाप्पा, तुया मशीनलेच पाहू दे," एवढंच म्हणाले, आणि पुन्हा कधी माझ्या कोपराला हात लावला नाही. त्याच वर्षी दिवाळीच्या आत ते गेले. आता माझे फटके सरळ जातात, सगळ्या रेघा हिरव्या येतात. दोन मोबाईल बदलले, पण ती पहिली लाल रेघ मी अजून पुसलेली नाही. तिच्यात त्यांची दोन बोटं आहेत.