मिस्तरींची पिकअप आणि माझी आलमारी

माझे यजमान हातपंप आणि मोटारपंप दुरुस्त करायचे. गावोगावचे लोक त्यांना मिस्तरी म्हणत, म्हणून लग्नानंतर थोड्याच दिवसांत मीही मिस्तरीच म्हणायला लागले. त्यांना ते आवडायचं नाही. "बायकोनं तरी मिस्तरी म्हणू नये," असं ते म्हणत. पण "मिस्तरी, ताट वाढलं" म्हटलं की लगेच पाटावर येऊन बसत.

फुलचूरला आमच्या दोन खोल्या होत्या. मी घरी शिलाई मशीन चालवायची आणि ते मोटारसायकल. मोटारसायकलवर मागे पाने, दोर, वॉशरची पिशवी आणि बाजूला दहा फुटी पाइप आडवा बांधलेला. एकदा आमगावच्या रस्त्यावर वळताना त्या पाइपानं चहाच्या टपरीवरच्या बिस्किटांच्या दोन बरण्या खाली आणल्या. टपरीवाल्यानं बिस्किटं मिस्तरींनाच विकत दिली. घरी आल्यावर ती मातीत पडलेली बिस्किटं माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "आता गाडी घ्याच लागते."

महिनाभरानं गाडी आली. जुनी पिकअप होती, आणि आधीच्या मालकानं तिच्यातून कोंबड्या नेल्या होत्या. मिस्तरींनी ती तीनदा निरम्यानं धुतली. तरी वळणावर ब्रेक मारला की सीटच्या फटीतून एखादं पांढरं पीस उडायचं, आणि गावात शिरलो की कुत्री मागे लागायची. "गाडी लकी हाये," मिस्तरी म्हणाले, "पाह्य, लोक कसे ओळखतात." लोक नव्हते, कुत्री होती, पण मी काही बोलले नाही. नवी वस्तू घेतलेल्या माणसाला आठवडाभर बोलू नये, असं माझं ठरलेलं होतं.

गाडी घेतली तिथंच पैसे संपले. बाकीच्या मिस्तऱ्यांच्या गाड्यांना मागच्या डाल्यात, माल ठेवायच्या जागेत, लोखंडी कप्पे, कुलपाच्या पेट्या, वर पाइप ठेवायची घोडी असं सगळं होतं. मिस्तरींनी तसल्या बॉडीचा भाव विचारला आणि तसेच घरी आले. दुसऱ्या दिवशी बांबू आणले, तेलाचे रिकामे पिपे आणले आणि तारेनं बांधून स्वतःच कप्पे केले. दिसायला चांगले दिसत होते. गाडी उभी होती तोपर्यंत.

तिरोड्याकडे जाताना पहिल्याच मोठ्या खड्ड्यात बांबू एकीकडे आणि पिपे दुसरीकडे गेले. नट, बोल्ट, वॉशर सगळे रस्त्यावर सांडले, आणि मिस्तरींना ते चार किलोमीटर पुढे गेल्यावर समजलं. मग त्यांनी एका जुन्या स्पीकरचं लोहचुंबक सुतळीला बांधलं आणि ते रस्त्यावरून ओढत चालत परत आले. वाटेत कुणी विचारलं, "मिस्तरी, कुत्रं फिरवून राहिले का?" संध्याकाळी त्यांनी पिशवी माझ्यासमोर ओतली. निम्मा माल आपला होता. बाकी बैलांचे नाल, खिळे आणि सायकलचे छर्रे.

"पाह्य," ते म्हणाले, "गेलं त्याच्यापेक्षा जास्तच आलं."

त्या रात्री जेवताना मात्र त्यांचं लक्ष ताटात नव्हतं. ते माझ्या आलमारीकडे पाहत होते.

ही आलमारी माझ्या लग्नात माझ्या बाबांनी दिली होती. खरं तर मिस्तरींनी लग्नाआधीच सांगितलं होतं, मला सासऱ्याकडून काही नको. बाबांनी उत्तर दिलं होतं, "तुमाले कोण देऊन राह्यलं? मी माह्या पोरीले देऊन राह्यलो." आणि माझ्या माहेराहून, केशोरीहून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाद्या अंथरून ती आली होती. हिरवा रंग, दोन पल्ले, उजव्या पल्ल्यावर लांब आरसा, आणि वर दोन्ही पल्ल्यांवर पेंटरनं पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं: 'आई-वडिलांकडून सप्रेम भेट'. आत माझ्या साड्या, चोरकप्प्यात कागदपत्रं.

"मी विचार करून राह्यलो..." मिस्तरी म्हणाले.

"नका करू," मी म्हटलं.

"तू आईक तर खरी."

त्यांनी उठून हातानं मापं घेतली. आलमारी डाल्यात एका कुशीवर आडवी ठेवायची. तिचे कप्पे मग उभे होतात, म्हणजे पाने वेगळे, वॉशर वेगळे. खालचा पल्ला खाली पडला की त्याचा टेबल होतो आणि वरचा उचलला की सावली होते. कुलूप आहेच. बोलता बोलता ते इतके रंगले की हातातला भात वाळून गेला.

"आणि माझ्या साड्या?"

"चौदा एप्रिलले नवी आलमारी घेऊन देतो."

"कोणत्या सालच्या चौदा एप्रिलला?"

त्यावर मिस्तरींनी हात धुतले.

मी दोन दिवस होकार दिला नाही. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा मोटारसायकलवर पाइप बांधायला लागले, आणि दोर सारखा घसरत होता. मी आत गेले, साड्या काढून माझ्या आईच्या जुन्या लोखंडी पेटीत भरल्या आणि आलमारीची किल्ली आणून त्यांच्या हातात ठेवली. "ओरखडा नको पडायला," मी म्हटलं. हे मी गोंदियाच्या सगळ्यात आडदांड वेल्डरकडे जाणाऱ्या आलमारीबद्दल बोलत होते.

वेल्डर हिंदी बोलणारा होता. त्यानं आलमारी पाहिली, मग मिस्तरींना पाहिलं आणि विचारलं, "भाभी को पता है ना?" मी गाडीतच बसले होते. म्हटलं, "पता है, भैया. आप सीधा वेल्डिंग करो."

त्यानं भंगारातल्या लोखंडी अँगलची चौकट करून आलमारी त्यावर डाल्याच्या काठाएवढी उंच बसवली, तोंड रस्त्याकडे. वरची घोडी मिस्तरींनी हातपंपाच्या जुन्या पाइपांची केली. पल्ले वाजू नयेत म्हणून मी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून कडेनं चिकटवल्या. सावलीसाठी एका मंडपवाल्याकडून फाटका कपडा मिळाला, लाल-पिवळ्या पट्ट्यांचा. तो मी मशीनवर जोडून झालरीसकट शिवला. झालर नको असं मिस्तरी म्हणत होते. पण आलमारी माझी गेली होती, म्हणून झालर राहिली.

अशी आमची गाडी तयार झाली आणि लोकांची करमणूक सुरू झाली.

वरती मंडपाचा कपडा आणि बाजूला 'सप्रेम भेट', त्यामुळे पहिल्याच गावात पोरं "वरात आली" म्हणून धावली. अक्षरं आडवी झाली होती, म्हणून जो तो मान वाकडी करून वाचायचा, आणि वाचून झालं की तीच वाकडी मान घेऊन मिस्तरींना विचारायचा, "सासऱ्यानं गाडी देल्ली काजी?" जो माणूस सासऱ्याकडून चमचाही घेणार नव्हता, त्याला आता तालुकाभर सांगत फिरावं लागलं की गाडी माझी आहे, फक्त आलमारी सासऱ्याची. "म्हणजे आलमारी घेतली, नाई का?" असा पुढचा प्रश्न यायचा. ते मग पाना घेऊन पंपाखाली वाकायचे.

आरशाचं वेगळंच. हातपंपावर पाण्याचे गुंड, घागरी घेऊन आलेल्या बाया आधी गाडीपाशी जाऊन केस सारखे करत. पंप सुरू झाला तरी कुणाचं लक्ष नसे. एका गावात एक कोंबडा आरशातल्या कोंबड्यावर तुटून पडला. मिस्तरींनी त्याला हाकललं, तर मालकीण म्हणाली, "त्याचा काय दोष? तुमच्या गाडीले कोंबडीचा वास येऊन राह्यला." मी त्या दिवशी सोबत होते. इतकी हसले की मला गाडीत जाऊन बसावं लागलं, आणि मग सीटमधून पीस उडालं.

मग केशोरीचं काम आलं. माझ्या माहेरच्याच गावचा पंप. मिस्तरींना दोन रात्री झोप नव्हती. बाबांना आलमारीचं आम्ही सांगितलेलंच नव्हतं. निघताना मिस्तरींनी एक चादर घेतली आणि आलमारीवर बांधली. मी म्हटलं, "बाबांना काय सांगणार, तिला ताप आहे?"

अर्जुनीच्या पुढे चादरीचा एक कोपरा सुटला, आणि घरासमोर गाडी थांबली तेव्हा ती नुसती एका गाठीवर लोंबत होती. बाबा अंगणात धानाच्या पोत्यावर बसले होते. मिस्तरी उतरले, "जयभीम मामाजी" म्हणाले आणि आलमारीसमोर उभे राहिले. मिस्तरी काही फार रुंद नाहीत.

बाबा उठले. त्यांना जरा बाजूला सारून मान वाकडी केली आणि वाचलं. आईही बाहेर आली होती. तिनं पदर तोंडाला लावला, हसू की राग ते कळेना.

"आडवी काऊन?" बाबांनी विचारलं.

मिस्तरी सुटले. उभी ठेवली तर वारा धरते, वळणावर तोल जातो, आडवी असली की वजन खाली राहतं, असं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. बाबांनी खालचा पल्ला पाडला, वरचा उचलला. एकेक कप्पा पाहिला. चोरकप्पा उघडला, त्यात वॉशर होते, मापाप्रमाणे सुतळीत ओवलेले.

"पोरगी साड्या ठेवत होती त्याच्यापेक्षा जवायानं पाने नीट ठेवले," ते आईला म्हणाले.

मिस्तरींचा चेहरा उजळला. पण बाबा माझ्याकडे वळले. आवाज बदलला होता. "बाई, हे आमी तुले देल्लं होतं. तू देल्लं, का यायनं घेतलं?"

मिस्तरी जमिनीकडे पाहत होते. मला त्या दिवशीचा दोर आठवला, सारखा घसरणारा.

"म्या देल्लं, बाबा," मी म्हटलं. "किल्ली म्याच हातात ठेवली."

बाबांनी आलमारीचे पल्ले लावले. "मंग ठीक," म्हणाले, आणि आईला चहा ठेवायला सांगितला.

पंपाचं काम दुसऱ्या दिवसावर गेलं, म्हणून आम्ही मुक्काम केला. सकाळी उठून पाहते तर बाबा गाडीशी बसलेले, हातात दाढीचा जुना ब्रश, शेजारी निळ्या रंगाचा डबा. घराच्या दाराला लावून उरलेला रंग होता तो. जुन्या अक्षरांना त्यांनी हात लावला नव्हता. त्यांच्या शेजारी, मान वाकडी न करता वाचता यावं असं, त्यांनी लिहिलं होतं: 'लेकीची गाडी'. 'ची'ची वेलांटी जागा संपल्यानं आरशावर गेली होती.

मिस्तरी दातण तोंडात धरून ते वाचत उभे राहिले. "मामाजी, गाडी मी घेतली जी," एवढंच बोलले.

"हो ना," बाबा म्हणाले. "मी कुठी नाई म्हणतो?"

आता लोक विचारू लागले, बायकोची गाडी चालवता का? मिस्तरींनी रॉकेलनं पुसायचा प्रयत्न केला नाही, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते. पण एके दिवशी वैतागून म्हणाले, "लिवलंच हाये तर चालव मग."

त्यात रागापेक्षा गरज जास्त होती. बोअरमधली मोटार वर काढायला चार माणसं लागत, आणि ती कापणीच्या दिवसांत मिळत नसत. मिस्तरींनी बोअरवर कप्पी उभी करायची, दोर गाडीला बांधायचा आणि गाडी हळूहळू पुढे न्यायची, अशी युक्ती काढली होती. पण ते बोअरपाशी असले तर गाडी कोण नेणार?

म्हणून मी बिरसीकडच्या रिकाम्या रस्त्यावर गाडी शिकले. शेजारी विमानतळ, तिथं विमान चालवायला शिकणारी पोरं दिवसभर आकाशात गोल गोल फिरायची. माझ्या पुढच्या काचेवर मिस्तरींनी लाल रंगानं मोठा 'एल' काढला होता. मी क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडी मारायची आणि बंद पडायची. "वर पाह्य, ते कसे सरळ जाऊन राह्यले," मिस्तरी म्हणायचे. मी म्हणायची, "त्यांच्या शेजारी मिस्तरी बसत नाही." आठ दिवसांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये न थांबता चालायला लागली. मिस्तरींनी दाराची मूठ सोडली ती त्यानंतर.

पहिली मोटार काढली ती बिरसीच्याच एका शेतात. मालकीण म्हातारी होती, बांधावर कमरेवर हात ठेवून उभी. मिस्तरी बोअरपाशी पाइप धरून ओरडत होते, "हळू! हळू! थांब! थांब म्हटलं ना!" थांबले की, "थांबली काऊन?" गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा दोर ताणला, काळा पाइप कप्पीवरून सरसर यायला लागला आणि मी मागे न पाहता, स्टिअरिंग घट्ट धरून, धानाच्या धसकटांतून माणसाच्या चालीनं पुढे जात राहिले. हँडब्रेक ओढून उतरले आणि मागे पाहिलं. मोटार चिखलानं माखून वर आली होती आणि मिस्तरी तिच्याशेजारी गवतावर बसले होते, तेही चिखलानं माखलेले.

"निंगाली," ते म्हणाले. मग हात गवताला पुसून, "चांगली चालवली."

म्हातारीनं घरून चहा आणला. पहिला कप घेऊन ती माझ्याकडे वळली. मिस्तरींनी हात पुढे केला, तर म्हणाली, "थांब जरा बाबू, आंधी डायवरबाईले देऊ दे."