धुरा सोडा

माझ्या नवऱ्याच्या डोक्यात त्याच्याच चुलतभावाने पावडं घातलं, आणि त्या दिवसापासून या माणसाला आपण मारायचं हे माझं ठरलं. वाढवून सांगत नाही. भाकरी थापताना, नवऱ्याला वरणभात भरवताना मी विचार करत असे की विळा कुठे घालायचा. मानेवरच घालायचा, इथवर येऊन पोचले होते.

भांडण धुऱ्याचं. आमच्या वाशीमकडे दोन शेतांमधल्या बांधाला धुरा म्हणतात. हा चुलत दीर दर उन्हाळ्यात धुरा आमच्या बाजूने कोरायचा, वीतभर या वर्षी, वीतभर पुढच्या. त्या सकाळी नवरा त्याला एवढंच म्हणाला, "काहून कोरून राह्यला रे?" दिराने हातातलं पावडं फिरवलं. मी पाण्याची कॅन घेऊन जवळच होते. नारळ फुटावा तसा आवाज झाला. पदर फाडून मी डोकं बांधलं तरी रक्त थांबेना, अकोल्याला पोचेपर्यंत माझी मांडी भिजून गेली होती. नवरा वाचला. पण त्याची उजवी मूठ वळेना, आणि तोंडातून शब्द निघायचे ते एकेक, मध्ये मोठी जागा सोडून.

यात जास्त झोंबणारी गोष्ट अशी की गावात ख्रिस्ती घरं दोनच, आमचं आणि त्याचं. फादर लांबून महिन्यातून एकदा मिस्साला, म्हणजे उपासनेला येतात. एरवी दोन्ही घरं सकाळी आमच्या ओसरीवर बसून बायबलमधला त्या दिवसाचा शास्त्रपाठ वाचायची. आता दीर आधी तुरुंगात आणि मग जामिनावर सुटून घरात दार लावून. वाचन बंदच पडलं असतं, पण डॉक्टरांनी सांगितलं होतं की यांना रोज काही ऐकवा आणि म्हणायला लावा. फादर रोज सकाळी फोनवर शास्त्रपाठ आणि त्यावरचं चिंतन आपल्या आवाजात पाठवतात. म्हटलं, हेच ऐकवू.

भक्तीबिक्ती काही नव्हती. मी नगरकडची, जन्मापासून कॅथलिक, बीएपर्यंत शिकलेली, आणि देवावर इतकी चिडलेली की प्रार्थनेला हात जोडताना दात आवळले जायचे. एका स्तोत्रात शत्रूचे दात पाड अशी देवाकडे मागणी आहे. ते ज्या दिवशी आलं त्या दिवशी मी नवऱ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. तो 'दात' शब्दावर अडला, मी पुन्हा म्हणायला लावला. मला फार बरं वाटलं. क्षमेचा पाठ आला की मात्र मी मिक्सर लावायची, उगाच, रिकामा.

पण मिक्सर किती वेळ लावणार? शब्द तोडून तोडून त्याला सांगायला मलाच लागायचं. भावाला किती वेळा क्षमा करायची, सातांच्या सत्तर वेळा, हे म्हणताना नवरा डाव्या हाताची बोटं मोजायला लागला. मी त्याच्या थोबाडीत मारली. आजारी माणसाच्या. तो थांबला होता तिथूनच पुढचा शब्द म्हणाला. त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले आणि मला माझीच भीती वाटली.

दुसऱ्या वर्षी तूर कापणीला आली होती. फादर वसईकडचे, त्यांची मराठी पुस्तकातली. त्या सकाळच्या चिंतनात ते म्हणाले, आपल्या आयुष्याची धुरा प्रभूच्या हाती सोडा. मी चहा गाळत होते. नवरा ताठ झाला.

"धुरा... सोडा... म्हनते."

त्याला काय कळलं ते माझ्या लगेच लक्षात आलं आणि मी हसले. किती महिन्यांनी हसले. 'अहो, हा धुरा नव्हे, ही धुरा म्हणजे जबाबदारी,' असं सांगणार तोच कापणीच्या बाया हाका मारत आल्या. त्यांच्याशी बोलून आत आले, तर नवरा नव्हता आणि दारामागचं पावडंही नव्हतं.

मी कापणीसाठी काढलेल्या विळ्यासकट पळाले. शेतात तो डाव्या हाताने धुरा फोडत होता. जुना बांध मोडून चार हात आत, आमच्याच उभ्या तुरीत, नवा घालत होता. आणि पलीकडून दीर कुऱ्हाड घेऊन येत होता. ज्याचं डोकं फोडलं तो माणूस पावडं घेऊन धुऱ्यावर आलाय, दीर दुसरं काय समजणार? पण कुऱ्हाड त्याने उगारली नव्हती. खाली लोंबत होती. हे मला स्पष्ट दिसलं होतं, आणि तरी मी विळा घातला.

मानेवर नेम धरूनच घातला होता. त्याने हात आडवा केला म्हणून कोपरापासून मनगटापर्यंत चिरला गेला. आतलं पांढरं दिसलं. तो तुरीत खाली बसला आणि मी पुन्हा हात वर नेला.

"मारू नको," नवरा म्हणाला. "धुरा त्याले देऊन राह्यलो. देवानं सांगतलं."

डोक्याला मार बसल्यापासून इतके शब्द सलग त्याने काढले नव्हते. दिराने त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"वयनी, खरंच लिवलं हाये का तसं?"

माझं बीए तोंडाशी आलं होतं. एक वाक्य बोलले असते तर नवऱ्याने पावडं टाकलं असतं, दिराने कुऱ्हाड उचलली असती, आणि विळा माझ्या हातात होताच.

"लिहिलंय," मी म्हणाले. "आजचंच वचन आहे."

दीर लहान पोरासारखा रडायला लागला. मी पदर फाडून त्याचा हात बांधला, इतका करकचून की तो किंचाळला. मला त्यात थोडा आनंद झाला, तोही लिहून टाकते. दवाखान्यात त्याने तूर कापताना विळा निसटला म्हणून सांगितलं.

आता तो सकाळी ओसरीवर येतो. पहिले काही आठवडे मान वर करत नव्हता. माझा राग एका दिवसात गेला नाही. अजूनही नवऱ्याचा घास हातातून सांडला की तो उसळतो. पण मी आता त्या माणसाच्या मानेकडे बघत नाही. मिक्सर लावत नाही. देव आहे असं मला वाटतं, आणि असं वाटणं मला पुन्हा कधी जमेल हे खरं वाटलं नसतं.

पुढच्या मिस्साला मी फादरांजवळ पापं सांगितली. विळ्याचं सांगितलं, थोबाडीत मारल्याचं सांगितलं, खूप रडले. खोटं बोलल्याचं सांगितलं नाही. ते सांगायचं तर आधी पश्चात्ताप व्हावा लागतो. मी दर महिन्याला मन तपासून बघते, आणि तो झालेला नसतो.